कोनी म्हणजे नाही

मंगळवारी सकाळी माझी मुलगी मेली. दुपारी जीप आली. डॉक्टर उतरले आणि त्यांनी तिला तोलायला मागितलं.

आल्याआल्या त्यांना कळलं नव्हतं, एवढं खरं. निंबाखाली माणसं बसलेली पाहून त्यांना वाटलं, आपलीच वाट पाहतात. डॉक्टरांबरोबरच्या मापवाल्या बाईंनी नेहमीसारखी तोलायची झोळी काढली. निंबाच्या फांदीत त्यांनीच ठोकलेला एक आकडा होता, त्याला वजनाचा काटा अडकवला. म्हणाल्या, "चला, आधी कुणाचं?" कुणी उठलं नाही. मग ड्रायव्हर माणसांत जाऊन विचारून आला आणि डॉक्टरांच्या कानाशी लागला. डॉक्टरांनी टोपी काढली. आमच्या दाराशी आले. मला म्हणाले,

"मास्तर, तुम्ही शिकलेले आहात म्हणून तुमच्याशी बोलतो. वाईट झालं. पण शेवटचं एक वजन मिळालं तर हिची नोंद पूर्ण होईल. पाच मिनिटांचं काम आहे."

माझी रूपली दारातच होती. याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, तिला धुऊन कोऱ्या फडक्यात गुंडाळलं होतं. माझी बायको गोमली भिंतीला टेकून बसली होती.  तिनं मान वर केली.

"कोनी," ती म्हणाली.

मापवाल्या बाई झोळी हातावर घेऊन मागेच उभ्या होत्या. त्यांनी ड्रायव्हरला हळूच विचारलं, "कोणी म्हणजे? कोणी उचलून देतंय का?"

हा शब्द त्या पहिल्यांदा ऐकत नव्हत्या.

आम्ही गोरमाटी. बाहेरचे लोक आम्हाला बंजारा म्हणतात. आमचे आजे-पणजे बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरले. रेल्वेनं तो धंदा नेला. आता महागावजवळच्या या माळावर आमचा तांडा आहे, थोडी शेती आहे, आणि बैल आहेत. विदर्भ मुंबई राज्यात गेला त्या वर्षी मला तांड्यातली शाळा मिळाली. एक खोली, चार वर्ग, एक मास्तर. मी सातवी पास. माझ्याजवळ पत्र्याच्या पेटीत पुस्तकं होती आणि तांड्यात तेवढीच पुस्तकं होती. घरात आम्ही गोरबोली बोलायचो, बाजारात वऱ्हाडी. शाळेत आणि साहेबांपुढे मी पुस्तकातली मराठी बोलायचो. साहेबांपुढे गोरबोलीचा एक शब्द निसटू नये म्हणून जपायचो. निसटला तर समोरचा माणूस हसतो आणि मग तुमचं पुढचं बोलणं ऐकत नाही, हे मी लहानपणीच शिकलो होतो.

आमच्या बोलीत 'कोनी' म्हणजे 'नाही'. वऱ्हाडी माणूस 'कोणी'लाही 'कोनी'च म्हणतो. एवढाच घोटाळा. पण त्या घोटाळ्यावर त्यांचं सगळं काम उभं राहिलं.

ते पहिल्यांदा आले तेव्हा मी मास्तरांच्या बैठकीला यवतमाळला गेलो होतो. नायकाच्या, म्हणजे आमच्या तांड्याच्या प्रमुखाच्या, अंगणात त्यांनी लेकुरवाळ्या बायका गोळा केल्या. डॉक्टरांनी विचारलं, "तुमच्या बाळांना दर महिन्याला तोललं तर चालेल ना?"

याडी पुढे होती. ती म्हणाली, "कोनी." तिच्यामागच्या बायका म्हणाल्या, "कोनी, कोनी."

मापवाल्या बाईंनी ड्रायव्हरकडे पाहिलं. तो नेरकडचा, वऱ्हाडी बोलणारा माणूस. तो हसत म्हणाला, "कोनी बी चालते म्हनते, बाई. लिवून घ्या सगळेच."

साहेब हसले. साहेब हसले म्हणून बायकाही हसल्या. तांड्यातली सगळी बाळं लिहून घेतली गेली.

मी परत आलो तेव्हा याडीनं विचारलं, "मी नाही म्हटलं तर ते हसले. यांच्या गावात नाही म्हटलं की हसतात का रे?" घरातलं बोलणं गोरबोलीतलं आहे, मी ते इथे मराठीत लिहितो आहे.

पुढच्या वेळी मी डॉक्टरांना गाठलं. पुस्तकातल्या मराठीत सांगितलं, "साहेब, बायकांनी नकार दिला होता. कोनी म्हणजे नाही."

"अरे वा!" डॉक्टर म्हणाले. "ही गंमत मी कॉलेजात सांगणार."

मग त्यांनी मला निंबाखाली खुर्ची दिली. माझ्या तांड्यात, त्यांची घडीची खुर्ची. समजावून सांगितलं. बाळ जन्मल्यापासून कसं वाढतं, किती महिन्यांत किती वाढतं, याची सगळी मापं परदेशातल्या गोऱ्या बाळांची आहेत. आपल्या खेड्यातल्या बाळांची मापं कुठल्याच पुस्तकात नाहीत. "तुमच्या पोरांची नोंद व्हायला नको का, मास्तर?"

हे मला लागलं. पुस्तकात आमच्याबद्दल मी जे वाचलं होतं ते पोलिसांनी लिहिलेलं होतं. चोर, भटके, नजर ठेवावी असे. आता कुणी आमच्या बाळांबद्दल लिहिणार होतं.

मी एकच विचारलं. "बाळाला काही कमी-जास्त दिसलं तर आम्हाला सांगाल ना?"

"अर्थातच," डॉक्टर म्हणाले.

याडीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "ज्वारी तोलतात. कापूस तोलतात. गूळ तोलतात. जे विकायचं ते तोलतात. पोर कशाला तोलायचं?" पण मास्तर मुलगा सांगतो म्हणून ती गप्प बसली. मी विश्वास ठेवला. त्याची लाज मी बाळगत नाही. 'अर्थातच' म्हणणाऱ्यानं बाळगावी.

दर महिन्याला जीप यायची. झोळी टांगायची, पोर झोळीत, पोर रडायचं, काटा हलायचा, डॉक्टर वाचायचे, बाई लिहायच्या. मग डोकं मोजायचं, दंड मोजायचा. रूपली तेव्हा आईच्या दुधावर होती आणि झोळीत असा गोंधळ घालायची की ड्रायव्हर म्हणायचा, "हे पोरगी काटा तोडते एखाद्या दिवशी." डॉक्टर मापवाल्या बाईंना म्हणायचे, "हा नमुना चांगला आहे." नमुना हा शब्द मी वर्गात वात्रट पोराला वापरतो. काय नमुना आहे, म्हणतो. मला वाटलं, डॉक्टर लाडानं म्हणतात.

पावसाळ्यात गोमलीला तापानं धरलं. ताप उतरला तोवर दूध आटलं होतं. रूपली चालायला लागली होती. तिला ज्वारीच्या कण्या आणि वरणाचं पाणी सुरू झालं, तांड्यातल्या सगळ्या पोरांना होतं तसं. काही दिवस किरकिर केली. मग तिचे गाल भरले. पाय भरले, पावलं पावासारखी फुगीर झाली. केस तांबूस झाले. याडी खूश झाली. म्हणाली, "पोरीनं बाळसं धरलं." नजर लागू नये म्हणून तिच्या तळपायाला काजळ लावायची. पूर्वीसारखी रडायचीही नाही. बसवलं तिथे बसून राहायची. गोमली म्हणायची, "शहाणी झाली माझी छोरी." छोरी म्हणजे मुलगी.

त्या महिन्यात ती झोळीत रडली नाही. डॉक्टरांनी तिला मांडीवर घेतलं. तिच्या पावलावर अंगठा दाबला, दाबून धरला, मग उचलला. अंगठ्याच्या जागी खळगा पडला आणि तसाच राहिला. ओल्या मातीत पडतो तसा. ते इंग्रजीत एक शब्द बोलले. बाईंनी लिहिला.

"कशी आहे, साहेब?"

"छान चाललंय, मास्तर."

पुढच्या महिन्यात पुन्हा अंगठा. पुन्हा खळगा. पुन्हा, "छान चाललंय."

त्याच सुमाराला तालुक्यात बुळकांडी आली. ढोरांचा रोग. जनावराच्या तोंडात फोड येतात, जुलाब होतात, आणि गोठेच्या गोठे रिकामे होतात. सरकारी माणसं लस घेऊन तांड्यात आली. सगळे बैल, सगळ्या गाई, वासरं, एका रांगेत उभी केली. एक बैल सुटून नाल्यात पळाला तर दोन माणसं चिखलात उतरून त्याला टोचून आली. मला ते आवडलं. म्हटलं, काम असं असावं. एकही मागे राहता कामा नये.

मग फुलसावंगीचा बाजार. नाल्यापलीकडच्या गावातला एक शेतकरी वांगी विकायला बसला होता. शेजारी पाण्याला एक पत्र्याचा डबा, त्यावर परदेशी अक्षरं. मी वाचणारा माणूस, अक्षरं दिसली की थांबतो.

"डबा कुठचा, पाटील?"

"डाक्टरचा. दुधाची भुकटी असते त्याच्यात. पोरायले देऊन राह्यले न दर महिन्याले. तुमच्या तांड्यात नाही देत काय? जीप तं तेच हाय."

"नाही."

"मंग तुमच्या इथं येऊन करते काय?"

"तोलतात."

तो हसला. "रिकामंच?"

मी वांगी न घेता घरी आलो. जीपच्या दिवसापर्यंत थांबलो. मग डॉक्टरांना विचारलं. मला वाटलं होतं, ते नाकारतील, नाहीतर विसरलो म्हणतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. अगदी मोकळेपणानं सांगितलं.

"त्या गावात भुकटी देतो आणि वाढ मोजतो. इथे न देता मोजतो. दोन्हीकडे दिली तर तुलना कशाशी करणार? तुमचा तांडा तुलनेचा आहे, मास्तर."

तुलना. हा शब्द मी तिसरीला शिकवतो.

मी म्हटलं, "साहेब, बुळकांडीची लस टोचली तेव्हा तुलनेसाठी एकही बैल मागे ठेवला नाही."

"ते वेगळं. लस सिद्ध झालेली आहे. दुधानं या पोरांच्या वाढीत किती फरक पडतो, ते अजून सिद्ध व्हायचंय."

गोमली रूपलीला कडेवर घेऊन उभी होती. तिला पुस्तकी मराठी पुरती कळत नाही, पण हे कळलं. ती वऱ्हाडीत बोलली, त्यांना कळावं म्हणून.

"ह्याले लहानपनी याच्या मायनं काय पाजलं म्हना मंग? तुलना?"

बायका हसल्या. डॉक्टर हसले नाहीत. तिच्याकडे न पाहता मला म्हणाले, "बायकोला समजवा. अजून थोडे महिने. अभ्यास संपला की इथेही देऊ."

"रूपली ठीक आहे ना?" मी विचारलं. "दवाखान्यात नेऊ का?"

"कशाला? छान आहे."

जुलाब लागले पुढच्या महिन्यात, रविवारी. सोमवारी ती पाणी ठेवेना. फुगलेले गाल एका दिवसात बसले. खाली बाळसं नव्हतं, नुसती हाडं होती. मंगळवारी उजाडताना मी गाडीला बैल जुंपत होतो, यवतमाळला न्यायला. लस टोचलेले बैल, धडधाकट. आतून याडीचा आवाज आला आणि मी जू खाली ठेवलं.

आणि दुपारी जीप.

गोमलीचं 'कोनी' ऐकून मापवाल्या बाईंनी विचारलं, कोणी उचलून देतंय का. डॉक्टरांनी त्यांना हातानं थांबवलं. मला म्हणाले, "वजन लागेलच, मास्तर. अंगात पाणी किती होतं, त्याशिवाय कळणार नाही."

"कसलं पाणी?"

"सूज होती ना. चेहऱ्यावर, पायांवर. अंगाला दुधासारखं पोषण मिळालं नाही की अशी सूज येते. केसांचा रंग जातो. पोर मलूल होतं."

"बाळसं होतं ते."

"नाही, नाही. सूज." ते शिकवणीतल्या मुलाला सांगावं तसं सांगत होते. "मी केव्हापासून पाहत होतो."

"मला सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर तुम्ही काहीतरी केलं असतं."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं आहे. त्यांना त्यात काही चुकलं असं वाटत नव्हतं. वाईट माणसाच्या तोंडी असतं तसं ते वाक्य नव्हतं. स्वच्छ हातांच्या, चांगल्या घरातल्या माणसाचं होतं. होय, मी काहीतरी केलं असतं. बैल विकला असता. तिला पाठीवर बांधून यवतमाळच्या दवाखान्याच्या पायरीवर बसलो असतो. त्या पाटलाच्या घरी जाऊन डबा मागितला असता, दिला नसता तर चोरला असता. पोलिसांच्या पुस्तकात आम्ही चोर आहोतच. भुकटीनं ती वाचलीच असती असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. पण मला काही करता येऊ नये म्हणून मला काही सांगितलं गेलं नाही. माझं अज्ञान त्यांना हवं होतं. ते त्यांनी दर महिन्याला येऊन जपलं. कोंबडी अंड्यावर बसते तसं त्यावर बसले.

आणि मी मास्तर. पोरांना कळावं म्हणून पगार घेणारा.

डॉक्टर वाट पाहत होते. सगळा तांडा माझ्याकडे पाहत होता, कारण साहेबांशी बोलणारा मी. माझ्या तोंडात पुस्तकातली मराठी तयार होती. क्षमा करा, साहेब, हे शक्य होणार नाही. वाक्य जिभेवर आलं. मी ते गिळलं.

"कोनी," मी म्हणालो.

ड्रायव्हर बोलायला लागला. मी त्याला बोलू दिलं नाही.

"कोनी म्हणजे नाही. माझ्या आईनं पहिल्या दिवशी म्हटलं होतं, नाही. तुम्ही लिहून घेतलं, हो. आता माझ्या बायकोनं म्हटलं, नाही. मी म्हणतो, नाही. तुमच्या कॉलेजात सांगा ही गंमत."

डॉक्टरांनी टोपी घातली. "तुम्ही दुःखात आहात. पुढच्या महिन्यात बोलू."

मी निंबाजवळ गेलो. आकड्याचा काटा काढला, मापवाल्या बाईंच्या हातात दिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्या पाण्याचं काही नव्हतं. ते पाणी आधी निघालं असतं तर कामाचं होतं.

ओढ्याकाठी आम्ही रूपलीला पुरलं. न तोलता.

पुढच्या महिन्यात जीप आली तेव्हा मी शाळा निंबाखाली भरवली होती. बायका पोरं घेऊन माझ्यामागे उभ्या होत्या. मी म्हटलं, "जीपमध्ये डबे आहेत?" नव्हते. "तर मग कोनी," सगळ्या बायका एका आवाजात म्हणाल्या. त्या दिवशी ड्रायव्हरनं भाषांतर केलं नाही. याडी त्याला म्हणाली, "आज नाही हासला रे बापू?" त्यानं मान खाली घातली आणि इंजिन सुरू केलं.

माझ्यावर तक्रार गेली. शाळांच्या साहेबांनी बोलावून समज दिली. शिकलेल्या माणसानं शास्त्राच्या कामात अडथळा आणू नये. मी ऐकून घेतलं.  मला त्यांची परवानगी नको होती.

आमच्याकडे जीप यायची थांबली. बंद झाली नाही. तो ड्रायव्हर फुलसावंगीच्या बाजारात भेटला. मी विचारलं, आता कुठे जाता? त्यानं इकडे-तिकडे पाहिलं. "घाटापल्याड, गुरुजी. कोलामायच्या पोडावर." पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. "तुलना तं कोठून तरी पाहिजेच न."

त्या सुट्टीत मी घाट चढलो. पोडावरच्या माणसांना मी आधी एकच गोष्ट विचारली. तुमच्या बोलीत नाहीला काय म्हणतात? त्यांना हसू आलं. एवढं चालत येऊन हे विचारायला आला काय, म्हणाले. मी तो शब्द घोकून पाठ केला. मग त्यांना दुधाच्या डब्याचं सांगितलं, अंगठ्याचं सांगितलं, सुजेचं सांगितलं. एका बाईनं तिथल्या तिथे मांडीवरच्या पोराच्या पावलावर अंगठा दाबून पाहिला. खळगा पडला नाही. ती तरीही पाहत राहिली.

जीप आली तेव्हा मी पोडाच्या वाटेवर उभा होतो.

"मास्तर? तुम्ही इथे कसे?"

"कोलामीत नाहीला काय म्हणतात, ते साहेबांना सांगायला आलो."

त्या दिवशी ते परत गेले. त्यानंतर कुठे गेले ते मी शोधतो आहे. डोंगरात पोडं पुष्कळ आहेत, तांडे पुष्कळ आहेत, आणि मला दर रविवारी सुट्टी असते.

याडी आता कुणाच्याही पोराचं बाळसं पाहिलं की आधी पावलावर अंगठा दाबते. गोमली कमी बोलते. मी साहेबांपुढे गोरबोली लपवत नाही. निंबाला आकडा आहे. तो मी काढू दिलेला नाही, आणि त्याला काही टांगू देत नाही.